अल्बमची वाट बघताय ना, मग पैसे आधी द्या

पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा पुढचा अल्बम कधी येणार हे मला माहीत नाही आणि बहुतेक त्यांचं त्यांनाही माहीत नसावं. नावावरून एखादी कॅसेटी काढणारी कंपनी वाटते, पण हा दिल्लीचा पाच जणांचा बँड आहे, २०१० च्या आसपास सुरू झालेला, आणि तुम्ही नाव ऐकलं नसेल तर त्यात काही वावगं नाही, कारण रेडिओवर, टीव्हीवर, लग्नातल्या डीजेकडे, गणपतीच्या मंडपात कुठेच ही गाणी वाजत नाहीत. त्यांचा 'बिस्मिल्लाह' २०१९ मध्ये आला आणि त्यानंतर 'बीटा' थेट ऑगस्ट २०२४ मध्ये. मधे पाच वर्षं. त्याच हिशोबानं गेलं तर पुढचा २०२९ च्या आसपास, तोवर आपण वाट बघायची. बघू की. वाट बघायला माझी काही हरकत नाही, मला खटकतं ते वेगळंच. आपण फॅन लोक जी वाट बघतो ती बँडच्या काडीच्याही उपयोगाची नसते. 'नवीन अल्बम कधी भाऊ' असं दर दोन महिन्यांनी विचारून स्टुडिओचं भाडं निघत नाही.

तर माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ज्याला छोट्या बँडचा पुढचा अल्बम मनापासून हवाय त्यानं तो तयार व्हायच्या आधी विकत घ्यावा, बँडनं तो आधी विकायला लाजू नये, आणि हे काही परदेशातून आणलेलं फॅड नाहीये, मराठी वाचक पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांच्या बाबतीत हेच करत आलाय. त्याकडे येतोच.

आता लगेच कोणीतरी म्हणणार की मुळात अल्बम हवाच कशाला, हल्ली कोण अख्खा अल्बम ऐकतं, दीड-दोन महिन्यांनी एकेक गाणं सोडत राहायचं, म्हणजे लोक विसरत नाहीत. ज्यानं 'बिस्मिल्लाह' पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकलाय त्याला हे पटायचं नाही. सूर्यकांत साहनीचा आवाज जुन्या काळी सूटबूट घालून माइकला बिलगून गाणाऱ्या गायकांसारखा, मागे ट्रम्पेट, मधेच वॉल्ट्झचा ठेका, मधेच डिस्को, कुठेतरी जुन्या हिंदी सिनेमातल्या वाद्यवृंदाची छटा, आणि शब्द बहुतेक इंग्रजी. यातलं एकच गाणं सुटं ऐकलं तर वाटतं पोरं मजा करतायत, कोणाची तरी नक्कल चाललीये. तीन-चार गाणी झाली की कळायला लागतं की नक्कल बिक्कल काही नाही, आपल्याकडच्या शहरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात हे सगळं असंच एकात एक मिसळून पडलेलं असतं, घरातल्या रेडिओवरचं, केबलवरचं, मित्राच्या पेनड्राइव्हमधलं. 'फ्लोटेड बाय' नावाच्या गाण्याचा व्हिडिओ तर साहनीच्या स्वतःच्या लग्नाच्या शूटिंगमधून केलाय, म्हणजे समोर लग्नाची धामधूम आणि कानात जरा उदास वळणाचं गाणं, आणि आपल्याला कळत नाही की हसावं का गप्प बसावं. मग पुढे कधीतरी 'मेमरी बॉक्स' येतं, जवळपास आठ मिनिटांचं. ते गाणं कुठे पोचायची घाईच करत नाही. असलं गाणं कोणी प्लेलिस्टमध्ये दोन हिट गाण्यांच्या मधे ठेवणार नाही, ठेवलं तर लोक पुढे ढकलतील. अल्बममध्ये मात्र त्याला जागा मिळते, कारण आधीच्या गाण्यांनी तुमचा वेग उतरवून ठेवलेला असतो. एकेक गाणं सोडत राहायच्या धंद्यात ही असली गाणी कमी होत जाणार, आणि ती कमी झाली हे कोणाच्या लक्षातही येणार नाही, हा माझा मुद्दा आहे.

एकेक गाणं सोडण्यामागे आळस किंवा फॅशन आहे असं मात्र समजू नका, त्यामागे रोकडा व्यवहार आहे आणि तो एकदा नीट समजून घ्यायला हवा. स्पॉटिफायवर, म्हणजे नेटवरून गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपवर, गाणं तीस सेकंद वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. आठ मिनिटांचं गाणं पूर्ण ऐकलंत तरी एकच आणि दोन मिनिटांचं ऐकलंत तरी एकच. मग आठ मिनिटांचं गाणं करणारा माणूस येडाच म्हणायचा, तेवढ्या वेळात दोन-दोन मिनिटांची चार वाजली असती. दुसरं असं की तिथल्या संपादकांच्या प्लेलिस्टमध्ये आपलं गाणं घ्या असं सुचवायची सोय आहे, पण ती रिलीजच्या आधी आणि एका वेळी एकाच गाण्यासाठी. म्हणजे दहा गाण्यांचा अल्बम एकदम काढला तर एका गाण्यासाठी दार ठोठावता येतं आणि उरलेली नऊ गुपचूप येतात नि गुपचूप जातात, तेच दहा गाणी सुटी सुटी काढली तर दहा वेळा ठोठावता येतं. बँडचा मॅनेजर, असलाच तर, काय सल्ला देईल हे सांगायला नको. स्पॉटिफायचे संस्थापक डॅनियल एक यांनी तर २०२० मध्ये एका मुलाखतीत साफच सांगितलं होतं की तीन-चार वर्षांतून एकदा काहीतरी रेकॉर्ड करून आता भागणार नाही. तेव्हा जगभरच्या संगीतकारांनी त्यांना भरपूर शिव्या घातल्या, पण त्यात खोटं काय होतं? त्यांच्या दुकानाचा नियमच तसा आहे आणि दुकानदारानं तो सांगितला.

बरं, 'मी पैसे भरून ऐकतो, म्हणजे माझा सपोर्ट आहेच' असं म्हणणारे पण खूप आहेत, आणि माणसं चांगली असतात, मनापासून बोलतात. पण पैसे जातात कसे ते बघा. समजा मी महिन्याला १०० रुपये भरतो आणि महिनाभर दुसरं काही न ऐकता फक्त एकाच छोट्या बँडची गाणी लावतो. मला वाटणार की कंपनीनं आपला वाटा काढून घेतला की उरलेले साठ-सत्तर रुपये त्या बँडला गेले. तसं होत नाही. सगळ्यांचे पैसे एका हौदात पडतात, त्यातला साधारण दोन तृतीयांश भाग गाण्यांच्या हक्कदारांसाठी निघतो आणि तो वाटला जातो एकूण स्ट्रीमच्या प्रमाणात. एकूण स्ट्रीममध्ये आपल्याकडे सिनेमाची गाणी किती असणार आणि माझ्या बँडची किती हे सांगायला गणिताच्या मास्तरांची गरज नाही. म्हणजे माझ्या शंभरातला बराचसा हिस्सा मी कधीही न ऐकलेल्या गाण्यांना जातो, आणि वर मला समाधान असतं की मी इंडीला, म्हणजे सिनेमाबाहेरच्या स्वतंत्र बँडना, पाठिंबा दिला. ज्याचे पैसे त्याच्याच आवडीच्या कलाकारांना, अशी पद्धत करता येते, साउंडक्लाउड नावाच्या अशाच एका साइटनं २०२१ मध्ये करून दाखवली, पण मोठ्या दुकानांना ती नको आहे. उलट स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला की मागच्या बारा महिन्यांत हजार स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याला रॉयल्टीच नाही. रक्कम किरकोळच असते हे खरं, पण ती त्या गाण्याला मिळायच्या ऐवजी परत त्याच हौदात जाते, म्हणजे ज्याचं भरपूर वाजतं त्याच्या ताटात अजून एक वाढप.

स्ट्रीमिंग वाईट आहे, बंद करा, असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः रोज वापरतो. ऐकायला, शोधायला, कोणाला तरी लिंक पाठवायला त्याच्याइतकी भारी सोय नाही. फक्त त्याला सपोर्ट म्हणू नका. ते ऐकणं आहे.

आणि जुन्या काळाचं रडगाणं पण नको. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस नावाचं कॅसेटींचं दुकान होतं, त्याचं शटर २०१६ मध्ये खाली आलं तेव्हा सगळे हळहळले, मलाही वाईट वाटलं, काउंटरवर विचारलं की माणूस आठवून सांगायचा की अमुक कॅसेट पुढच्या आठवड्यात येतीये, ती मजा वेगळी होती. पण त्या काळात छोट्या बँडचं बरं चाललं होतं असं कोण म्हणेल? मुंबईच्या रॉक मशीनचा पहिला अल्बम १९८८ मध्ये आला, पुढे त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं, त्या नावाचा अल्बम १९९५ मध्ये आला, आणि त्याच्यानंतरचा 'इव्हॉल्व्ह' आला २०१२ मध्ये. १७ वर्षं! मधल्या काळात बँडच थांबला होता. गिटारवर महेश तिनईकर, गायला उदय बेनेगल, टीव्हीवर व्हिडिओ लागत होते, कॉलेजच्या पोरापोरींना नावं पाठ होती, आणि तरीही ही गत. म्हणजे कॅसेटच्या जमान्यातही देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या इंग्रजी रॉक बँडला अल्बमच्या जिवावर उभं राहता आलं नाही. तेव्हा दुकान होतं, लेबल म्हणजे अल्बम काढणारी कंपनी होती, तरी पैसे सिनेमाकडेच जात होते.

इंडियन ओशन या दिल्लीच्याच बँडचं उदाहरण अजून बोलकं आहे. यांचा 'कंदिसा' २००० चा, त्यातलं 'मा रेवा' नर्मदेच्या खोऱ्यातलं लोकगीत, आणि बास गिटार वाजवणारे राहुल राम स्वतः नर्मदा बचाओ आंदोलनात होते, त्यामुळे नंदुरबारकडच्या, चळवळीतल्या माणसांना हा बँड आपला वाटतो ते उगाच नाही. या लोकांनी २०१० मध्ये काय केलं, तर '१६/३३० खजूर रोड' हा अल्बम महिन्याला एक गाणं असा नेटवर फुकट देऊन टाकला. करोलबागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते वर्षानुवर्षं तालमी करायचे त्याचा तो पत्ता. विचार साधा होता की अल्बम विकून आम्हाला तसंही काही सुटत नाही, कमाई होते कार्यक्रमांतून, मग लेबलच्या नाकदुऱ्या कशाला काढा. त्यांच्यापुरतं ते बरोबरच होतं, कारण तोवर २० वर्षं वाजवून त्यांनी गावोगाव ऐकणारे जमवले होते. त्यातून बाकीच्यांनी मात्र चुकीचा धडा घेतला. 'अल्बम म्हणजे जाहिरात, खरी कमाई गिगची' हे वाक्य त्यानंतर इतक्यांदा ऐकलंय की ते खरंच वाटायला लागतं. आणि जाहिरातच आहे म्हटल्यावर जाहिरातीवर कोण किती खर्च करणार, किती दिवस घालवणार? खुद्द इंडियन ओशनचा 'तांदानु' २०१४ चा आणि पुढचा 'तू है' २०२३ चा. नऊ वर्षं.

ही वर्षं का जातात ते बघायला बँडच्या घरात डोकवायला नको, साधा विचार केला तरी कळतं. पाच जणांचं पोट आहे. एक जण जाहिरातींना संगीत देतो, एक शिकवतो, एक कोणाच्या तरी सिनेमासाठी वाजवतो, एखादा चक्क नोकरी करतो. कार्यक्रम आला की सगळे जमतात, कारण त्याचे पैसे त्याच रात्री नाहीतर महिन्याभरात हातात येतात. कंपनीचा इव्हेंट, कॉलेजचा फेस्ट, कोणाचं तरी डेस्टिनेशन वेडिंग. अल्बमसाठी मात्र या पाच जणांनी एकाच वेळी दोन-तीन आठवडे बाकी सगळी कामं सोडायची, ड्रम रेकॉर्ड करता येतील अशी मोठी नि शांत खोली भाड्यानं घ्यायची, रेकॉर्डिंग करणाऱ्याला पैसे द्यायचे, मग सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवणाऱ्या मिक्सिंगवाल्याला, मग शेवटचा हात फिरवणाऱ्या मास्टरिंगवाल्याला, कव्हर काढणाऱ्याला. घरच्या लॅपटॉपवर बरंच काही होतं हल्ली, कबूल, पण पाच माणसं एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवतायत याचा जो आवाज असतो तो लॅपटॉपवर येत नाही, आणि त्या आवाजासाठीच तर आपण बँड ऐकतो, नाहीतर एकटा माणूस काय कमी आहे. तर खर्च सगळा आधी, मिळकत झालीच तर नंतर, आणि तीही ठिबकत ठिबकत. या मधल्या खड्ड्यात अल्बम पडून राहतात. चाली झालेल्या असतात, कार्यक्रमात वाजवून झालेल्या असतात, कोणी तरी मोबाइलवर चोरून रेकॉर्ड केलेल्याही असतात, फक्त अल्बम नसतो.

हा खड्डा बुजवायचं काम पूर्वी लेबल करायचं, आधी पैसे द्यायचं आणि विक्रीतून वळते करायचं. आपल्याकडची मोठी लेबलं ते सिनेमासाठी करतात. पीटर कॅटनं सुरुवातीचे अल्बम, २०११ चा 'सिनेमा' वगैरे, स्वतःच काढले, आणि जुनी गाणी एकत्र करून 'पोर्ट्रेट ऑफ अ टाइम' नावाचं जे संकलन २०१८ मध्ये आलं ते काढलं पनाश पॅरिझिएन नावाच्या पॅरिसच्या लेबलनं. 'बिस्मिल्लाह'ही त्यांचाच. दिल्लीतल्या पोरांची गाणी पॅरिसवाल्यांना काढावीशी वाटली याचा आनंद आहे हो, पण जरा लाजही वाटायला हवी का नको? आपल्याला रेकॉर्ड काढता येत नाहीत असंही आता नाही, नवी मुंबईत २०२४ मध्ये विनाइल रेकॉर्डचा, म्हणजे जुन्या तबकड्यांचा, कारखाना नव्यानं सुरू झालाय.

सरकारनं करावं का? मराठी सिनेमाला अनुदान आहे, नाटकाला आहे, तर अल्बमला का नाही, असं मला एक-दोघांनी विचारलं. मला नको वाटतं. अनुदान आलं की समिती आली, समिती आली की गाण्यात सामाजिक संदेश आहे का, मूल्य किती, अर्ज तीन प्रतींत, आणि पीटर कॅटसारख्या बँडला विचारतील की इंग्रजीत का गाता. सरकारनं फार तर छोटे हॉल परवडणाऱ्या भाड्यात द्यावेत आणि पोलीस परवानगीसाठी चार टेबलं फिरायला लावू नये, एवढं केलं तरी खूप झालं.

मग उरतो कोण, तर आपण. आणि इथे मला पुस्तकांकडे यायचंय. प्रकाशनपूर्व सवलत हा शब्द माहीत नसलेला मराठी वाचक सापडणं अवघड आहे. पेपरात जाहिरात यायची, अजूनही येते, की अमुक ग्रंथ अमुक महिन्यात येतोय, मूळ किंमत इतकी, आज पैसे भरले तर इतकी. खंडच्या खंड असे विकले गेलेत. लोक मनीऑर्डर करायचे, पावती जपून ठेवायचे, पुस्तक कधीकधी सांगितल्यापेक्षा बरंच उशिरा यायचं, लोक कुरकुर करायचे, पण द्यायचे पैसे. त्यात कोणाला आपण दानधर्म करतोय असं वाटायचं नाही आणि प्रकाशकालाही आपण हात पसरतोय असं वाटायचं नाही. सरळ खरेदी होती, फक्त वस्तू नंतर आणि पैसे आधी. प्रकाशकाला कागद घ्यायला, छापखान्याला द्यायला पैसे मिळायचे आणि मुख्य म्हणजे किती प्रती काढायच्या त्याचा अंदाज यायचा. सवाई गंधर्वची तिकिटंही लोक आधीच काढतात की, कुठल्या दिवशी कोणाचं गाणं रंगेल याची हमी कोण देतं?

आपला जो मित्र ८०० रुपयांचं पुस्तक तीन महिने आधी नोंदवतो तोच अल्बमसाठी ४०० रुपये म्हटलं की 'यूट्यूबवर येईलच ना' म्हणतो. येईलच, मी कुठे नाही म्हणतोय. पुस्तकही वाचनालयात येतं. प्रश्न तो अल्बम व्हावा म्हणून कोण आधी पैसे टाकतं हा आहे. हिशोब करून बघा, ६०० जणांनी ५०० रुपये आधी भरले तर तीन लाख होतात, आणि तीन लाखांत साध्या पद्धतीनं, हात आखडून का होईना, नऊ-दहा गाण्यांचं काम उभं राहू शकतं असं मला वाटतं. ६०० माणसं म्हणजे किती, पुण्यातल्या एखाद्या बऱ्या गिगला दोन रात्रींत जमतात तेवढी. त्यांच्याच पोस्टवर लाइक किती असतात बघा आणि मग सांगा.

आता आडवे प्रश्न, आणि ते येणारच, यायलाच हवेत. पहिला, पैसे बुडाले तर? रास्त आहे. प्लेजम्युझिक नावाची ब्रिटनची कंपनी हेच काम करायची, फॅनकडून आधी पैसे घ्यायचे आणि बँडला द्यायचे, आणि २०१९ मध्ये ती बुडाली तेव्हा फॅननी भरलेले पैसे कितीतरी बँडना मिळालेच नाहीत. फॅनचे गेले, बँडचे गेले, आणि शिव्या कोणाला, तर बँडला. त्यातून मी एवढंच घेतो की मधे कोणी हौद बांधणारा नको. पैसे थेट बँडच्या खात्यात. बँड बुडवेल का? एखादा बुडवेलही. पण ज्या माणसांना पुढच्या महिन्यात त्याच शहरात त्याच लोकांसमोर स्टेजवर उभं राहायचंय त्यांना बुडवणं कंपनीइतकं सोपं नसतं.

दुसरा आक्षेप बँडवाल्यांचाच असतो, की पैसे घेतले की दडपण येतं, लोक विचारतात झालं का, मग घाईत काहीतरी करून टाकलं जातं. यात तथ्य आहे. पण मग तारीख देऊ नका ना! चाली तयार आहेत, अमुक रक्कम जमली की स्टुडिओ घेऊ, त्यानंतर वर्षभरात देऊ, एवढं सांगितलं तरी बास. वाट बघायला आम्ही तयार आहोत हे मी पहिल्या परिच्छेदातच सांगितलंय. आणि खरं सांगायचं तर थोडं दडपण बरंच. 'आतून आल्याशिवाय करणार नाही' म्हणणाऱ्या किती बँडचं आतून कधीच काही आलं नाही हे आपण बघितलंय.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त डाचतो. ज्याच्याकडे ५०० रुपये नाहीत त्याचं काय? साताऱ्यात, लातुरात कॉलेजात शिकणारी पोरगी, जिला फुकट मिळालं म्हणून हे संगीत कळलं, तिनं काय करायचं? तिनं फुकटच ऐकायचं. म्हणूनच आधी पैसे भरणाऱ्यालाच फक्त ऐकायला मिळेल असली अट मला मान्य नाही. पुस्तकाचीही तशी अट नव्हती. आपण पैसे भरायचे ते अल्बम व्हावा म्हणून, झाल्यावर तो सगळ्यांचा. कमावत्या माणसांनी भरावं, बाकीच्यांनी कमवायला लागल्यावर भरावं.

अजून एक, आणि हा माझ्याच उदाहरणावरचा. पीटर कॅट आता तसा छोटा बँड राहिलेला नाही, परदेशात दौरे करतो, त्याला माझ्या ५०० रुपयांची काय पडलीये? मान्य. मी त्यांचं नाव घेतलं कारण वाट बघणं काय असतं ते मला त्यांच्यामुळे कळलं. पण ही गरज खरी आहे ती शिलाँगच्या, आयझॉलच्या, कोल्हापूरच्या, आपल्या पिंपरी-चिंचवडच्या बँडना, ज्यांची चारच गाणी बाहेर आहेत आणि अजून सहा तयार आहेत. पीटर कॅटला पॅरिसमधून बोलावणं येण्याआधी सात-आठ वर्षं लागली, तेवढा दम सगळ्यांकडे नसतो. तेवढ्यात ड्रमवाल्याला पुण्याहून बंगळुरूला नोकरी लागते आणि संपलं.

राहता राहिला व्यवहार, पैसे द्यायचे कसे. बँडकॅम्प, म्हणजे बँडना आपली गाणी थेट विकता येतात ती साइट, ही त्यातल्या त्यात बरी जागा, डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतात, २०२० पासून अधूनमधून एखाद्या शुक्रवारी तेही सोडतात. पण बँडकॅम्पचे पैसे जातात पेपाल नावाच्या नेटवरून पैसे पाठवणाऱ्या कंपनीमधून, आणि पेपालनं १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले. म्हणजे बर्लिनमधल्या माणसाला दिल्लीच्या बँडला पैसे देणं सोपं आणि दादरमधल्या माणसाला अवघड. या देशात कोथिंबिरीची जुडी क्यूआर कोड स्कॅन करून मिळते आणि अल्बम मिळत नाही, याच्यात तंत्रज्ञानाची अडचण कुठेच नाही, लाजेची आहे. बँडवाल्यांना वाटतं क्यूआर लावला तर लोक म्हणतील भीक मागतायत. टीशर्ट विकताना नाही वाटत!

तर बँडवाल्यांनो, तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर एवढं करा. गिगच्या दारात टीशर्टच्या शेजारी एक वही ठेवा, वर लिहा पुढच्या अल्बमची आगाऊ नोंदणी, खाली क्यूआर. नाव, फोन नंबर, रक्कम, सही. पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि दर तीन महिन्यांनी किती जमले, किती खर्च झाले ते दोन ओळींत कळवा, बाकी व्हिडिओ, रील, स्टुडिओतले फोटो काही नको. किंमत ४०० ते ६०० च्या मधे कुठेतरी, त्याच्यावर गेलात तर कॉलेजची पोरं लांब होतील, त्याच्याखाली आलात तर मिक्सिंगवाल्याचे हाल. आधी भरणाऱ्यांची नावं आतल्या पानावर छापा, मराठी माणसाला ते फार आवडतं. आणि सीडी देऊ नका प्लीज, ती लावायला आता कोणाकडे काही नाहीये, एक छापील पुस्तिका द्या, गाण्यांचे शब्द, कोणी काय वाजवलं, कुठे रेकॉर्ड केलं, आणि सोबत डाउनलोडचा कोड.